तलावाची नोंदवही

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर भिगवण हे गाव लागते. ते पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरही भिगवण नावाचे स्थानक आहे. येथील मासळी बाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. परंतु हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात या भागाकडे माणसांची जी रीघ लागते, ती केवळ मासळीसाठी नसते. कुणाच्या हातात दुर्बीण असते, कुणाच्या गळ्यात कॅमेरा असतो. ही माणसे पक्षी पाहण्यासाठी येतात. त्यांत शाळांच्या सहलीही असतात.

पक्षी येथे का येतात, हे समजून घ्यायचे तर आधी येथील पाण्याची गोष्ट समजून घ्यायला हवी.

भीमा नदी सह्याद्रीत भीमाशंकर येथे उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी गावाजवळ या नदीवर मोठे धरण बांधण्यात आले. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. धरणाच्या भिंतीमुळे नदीचे पाणी अडले, की ते मागच्या बाजूला पसरत जाते. या मागे पसरलेल्या पाण्याला फुगवटा म्हणतात. उजनीचा फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही गावे या फुगवट्याच्या काठावर आहेत.

हे सरोवर निसर्गाने आयते दिलेले नाही. कोरडवाहू शेतीला पाणी मिळावे, गावांना व शहरांना प्यायला पाणी मिळावे, म्हणून माणसांनी ते निर्माण केले. त्यासाठी नदीकाठच्या अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. घरे, शेते, विहिरी, देवळे पाण्याखाली गेली. पळसदेव हे त्यांपैकीच एक गाव. ज्या वर्षी जलाशयातले पाणी खूप कमी होते, त्या वर्षी पळसदेवचे जुने दगडी मंदिर पाण्यातून पुन्हा वर दिसू लागते. जुने गावकरी तेथे जातात आणि आपल्या मुलानातवंडांना बोट दाखवून सांगतात, की आमचे घर तेथे होते. म्हणून या पाण्याची काळजी घेणे ही केवळ पक्ष्यांवर दया करण्याची गोष्ट नाही. ज्यांनी आपली गावे दिली, त्यांच्या त्यागाचा मान राखण्याचीही ती गोष्ट आहे.

पावसाळ्यात जलाशय भरतो. पुढे शेतीला व गावांना पाणी सोडले जाते, ऊनही वाढते आणि पाणी हळूहळू मागे सरकू लागते. काठावर ओला, मऊ गाळ उघडा पडतो. काही शेतकरी या सुपीक गाळात पीक घेतात. अशा जमिनीला गाळपेर जमीन म्हणतात. याच गाळात आणि उथळ पाण्यात शेवाळ, किडे, अळ्या, शंखशिंपले आणि लहान मासे यांची रेलचेल असते. पक्ष्यांसाठी ती जणू मांडून ठेवलेली मेजवानीच! जमीन आणि पाणी जेथे असे एकमेकांत मिसळते, त्या जागेला पाणथळ जागा म्हणतात.

या मेजवानीचा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे रोहित. यालाच अग्निपंख असेही म्हणतात. तो सव्वा ते दीड मीटर उंच असतो. पाय काठीसारखे लांब, मान बाकदार आणि चोच मध्येच वाकलेली. त्याची खाण्याची रीत मजेदार आहे. तो उथळ पाण्यात उभा राहतो, मान खाली घालतो आणि चोच उलटी करून चिखलपाण्यात बुडवतो. जिभेने तो पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. त्याच्या चोचीच्या कडांना गाळणीसारखी बारीक झालर असते. त्यामुळे पाणी निघून जाते आणि शेवाळ व बारीक जीव चोचीत राहतात. या अन्नात जे रंगद्रव्य असते, त्यामुळेच त्याच्या पिसांना गुलाबी रंग चढतो. लहान पिल्ले मात्र राखाडी असतात. भारतात रोहित पक्ष्यांची मोठी वीण गुजरातमधील कच्छच्या रणात होते. तेथे ते चिखलाची उंचवट्यासारखी घरटी बांधतात.

आता एक प्रश्न विचारा. एखाद्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि जलाशय बराच काळ काठोकाठ भरलेला राहिला, तर रोहित पक्ष्यांना आनंद होईल का? आपल्याला वाटेल, पाणी जास्त म्हणजे पक्षीही जास्त. प्रत्यक्षात उलटे घडते. पाणी खोल असले तर त्यांना उभे राहता येत नाही आणि गाळही उघडा पडत नाही. अशा वर्षी ते उशिरा येतात किंवा थोडेच येतात. निसर्गातील गोष्टी वरवर पाहून कळत नाहीत. त्या रोज पाहाव्या लागतात.

रोहितच्या जोडीला इतरही पाहुणे येतात. पट्टकादंब हा त्यांपैकी एक. हा हंसाच्या जातीचा पक्षी आहे. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. उन्हाळ्यात तो मध्य आशिया, तिबेट, लडाख या प्रदेशांतील तळ्यांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. सात हजार मीटरच्या आसपास उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. तेथे हवा इतकी विरळ असते, की माणसाला श्वास घेणेही कठीण जाते. केशरी रंगाचा चक्रवाक, चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचा तलवार बदक ही बदकेही हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या एका काळ्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. कपाळी गंध लावून पंढरीला निघालेला वारकरीच जणू!

काही पक्षी येथेच घरटी बांधतात. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात उभ्या असलेल्या काटेरी झाडांवर चित्रबलाक पक्ष्यांची वसाहत असते. चित्रबलाक हा पिवळ्या लांब चोचीचा, शेपटीजवळ गुलाबी पिसे असलेला मोठा करकोचा आहे. झाडाभोवती पाणी असले, म्हणजे मांजर, कुत्रा, कोल्हा यांना घरट्यापर्यंत पोहोचता येत नाही. पाणी हीच पिल्लांच्या घराची तटबंदी असते. इंदापूर शहरात तर तहसील कचेरीच्या आवारातील जुन्या चिंचेच्या झाडांवरही चित्रबलाकांनी घरटी बांधली आहेत. खाली माणसांची ये-जा आणि वर पिल्लांचा कलकलाट! माणसांनी त्रास दिला नाही, तर पक्षी माणसांच्या शेजारीही राहतात, हे यावरून दिसते.

परंतु या सरोवरापुढे संकटेही उभी आहेत. त्यांतले पहिले संकट दूरवरून येते. पवना नदी मुळेला मिळते, मुळा आणि मुठा यांचा पुण्यात संगम होतो आणि पुढे मुळा-मुठेचे पाणी भीमेत येते. त्यामुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या मोठ्या शहरांचे सांडपाणी नदीतून वाहत उजनीत येते. त्यातील बराचसा भाग नीट शुद्ध केलेला नसतो. अशा पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी झपाट्याने वाढतात. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. तिची जांभळी फुले सुंदर दिसतात, पण ती पाण्यावर हिरवी चादर पसरते. खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे मरू लागतात. मासे कमी झाले, की पक्षी उपाशी राहतात आणि मच्छीमारांच्या घरची चूलही मंदावते.

दुसरे संकट काठावरच तयार होते. फाटलेली नायलॉनची जाळी पाण्यात तशीच टाकून दिली जातात. नायलॉन लवकर कुजत नाही. पक्ष्याचा पाय त्यात अडकला, की तो धडपडून अधिकच गुंतत जातो. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा नायलॉन मांजा झाडांवर लटकत राहतो. नेमका हाच पाहुण्या पक्ष्यांच्या मुक्कामाचा काळ! मांजाने पंख कापला गेलेला पक्षी पुन्हा हिमालय ओलांडू शकत नाही.

तिसरे संकट पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्यांकडूनच येते. थवा उडतानाचे छायाचित्र मिळावे, म्हणून काही पर्यटक होडी पक्ष्यांच्या अगदी जवळ नेण्याचा आग्रह धरतात. पक्षी घाबरून उडतात. आपल्याला ते दृश्य छान वाटते. पण परतीच्या प्रवासासाठी त्यांनी अंगात जी शक्ती साठवलेली असते, ती अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते. काही जण होडीतून कुरव पक्ष्यांना शेव आणि फरसाण टाकतात. मीठ, मसाला आणि तेल हे काही पक्ष्यांचे अन्न नव्हे. सहज मिळते म्हणून ते खातात आणि स्वतः अन्न शोधण्याची त्यांची सवय मोडते.

मग शाळेतल्या मुलामुलींनी यात काय करायचे? शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना तुम्हांला उभारता येणार नाही. धरणातून किती पाणी सोडायचे, हेही तुम्ही ठरवत नाही. वर्षातून एकदा झाड लावले, घोषणा दिल्या, एखादा फलक रंगवला, की आपले काम संपले असे अनेकांना वाटते. झाड लावणे चांगलेच आहे. पण काळजी घेण्याची खरी सुरुवात त्याआधी होते. ज्याला आपण ओळखतो, त्याचीच आपल्याला काळजी वाटते. शेजारचा मुलगा दोन दिवस दिसला नाही, तर आपण विचारतो, तो आजारी आहे का? कारण आपण त्याला नावाने ओळखतो. तलावावरचा पक्षीही असाच नावाने माहीत व्हायला हवा. तो दिसला नाही, तर आपल्या लक्षात यायला हवे.

लक्षात राहावे म्हणून लिहून ठेवावे लागते. यासाठी लागते एक साधी नोंदवही, एक पेन्सिल आणि रोजची पंधरा मिनिटे. दुर्बीण असली तर उत्तमच, नसली तरी अडत नाही.

जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांची गोष्ट या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही वेगळी चिमणी कोणती, असा प्रश्न त्यांना पडला. मामांनी त्यांना मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली होती. तेथील मिलर्ड साहेबांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह मुलाला दाखवला. बंदूक हातात घेतलेल्या त्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासात गेले.

पुढे १९३० च्या सुमारास जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून परतल्यावर त्यांना नोकरी मिळाली नाही. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम या गावी जाऊन राहिले. तेथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरणीला उर्दूत बया म्हणतात. सालिम अली दिवसेंदिवस त्या झाडाजवळ बसले आणि जे दिसले ते लिहीत गेले. त्यातून एक नवीनच गोष्ट पुढे आली. घरटे विणतो तो नर. घरटे अर्धे झाले, की मादी येऊन ते पाहते. तिला पसंत पडले, तरच ती तेथे राहते. मग नर ते पूर्ण करतो आणि दुसरे घरटे विणायला घेतो. सुगरण पक्षी तर शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर घरटी बांधत होता. पण रोज बसून, पाहून, लिहून ठेवणारा माणूस हवा होता. बेकारीच्या त्या दिवसांत लिहिलेल्या नोंदींनी सालिम अली यांना शास्त्रज्ञ म्हणून ओळख मिळवून दिली.

तलावाच्या नोंदवहीत काय लिहावे? तारीख, वेळ आणि जागा. आकाश कसे आहे, वारा आहे का. पाणी कोठपर्यंत आहे. पक्षी कोणता, किती आणि तो काय करीत आहे. शेवटी, काही वेगळे दिसले असेल तर तेही. पाण्याची पातळी मोजण्यासाठी काठावरचा एक मोठा दगड खूण म्हणून ठरवावा आणि दगडापासून पाणी किती पावले मागे गेले, हे दर आठवड्याला मोजावे. मात्र हे काम शिक्षकांच्या सोबतीनेच करावे आणि गाळात उतरू नये. वरून कोरडा दिसणारा गाळ आतून खोल व मऊ असतो.

एक नमुना पाहा. ‘सकाळी सात. आकाश स्वच्छ. पाणी खुणेच्या दगडापासून वीस पावले मागे. चक्रवाक सहा, काठावर विश्रांती घेत होते. वारकरी सुमारे ऐंशी. राखी बगळा एक, मासा पकडला. अनोळखी लहान पक्षी तीन, पाय लाल, चोच काळी व सरळ. रोहित दिसले नाहीत. काठावर जुन्या जाळ्याचा तुकडा होता, तो काढला.’

या नोंदीतल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली गोष्ट, मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. म्हणून आधी दहा पक्षी मोजावेत, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते पाहावे आणि तशा किती जागा थव्यात मावतात याचा अंदाज करावा. म्हणूनच ‘सुमारे ऐंशी’ असे लिहिले आहे. दुसरी गोष्ट, नाव माहीत नसेल तर ठोकून द्यायचे नाही. वर्णन लिहायचे. वर्गात पुस्तक पाहून कळेल, की लाल लांब पायांचा तो पक्षी शेकाट्या होता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘रोहित दिसले नाहीत’ हीसुद्धा नोंदच आहे. जे दिसले तेवढेच लिहिले, तर जे नाहीसे झाले ते कधीच कळणार नाही.

आता कुणी विचारील, की मुलांनी लिहिलेल्या वहीचा उपयोग काय? उपयोग आहे. पाणपक्ष्यांची गणना मोठ्या प्रमाणावर हौशी माणसेच करतात. आशियात दर जानेवारीत होणारी पाणपक्षी गणना १९८७ पासून स्वयंसेवकांच्या मदतीने चालू आहे. फेब्रुवारी महिन्यात शाळा-महाविद्यालयांच्या आवारातील पक्षी मोजण्याचा उपक्रम भारतभर होतो. त्यात कोणतीही शाळा भाग घेऊ शकते. शिवाय शाळेपाशी एक अशी गोष्ट आहे, जी कोणत्याही अधिकाऱ्यापाशी किंवा पाहुण्या शास्त्रज्ञापाशी नसते. अधिकाऱ्याची बदली होते. शास्त्रज्ञ चार दिवस राहून परत जातो. शाळा मात्र गावातच असते. आठवीच्या वर्गाने सुरू केलेली वही पुढच्या वर्षी नव्या आठवीच्या हाती देता येते. अशी वही दहा वर्षे चालली, तर गावाजवळ आपल्या पाण्याचा लेखी पुरावा तयार होतो. ‘पूर्वी पक्षी खूप यायचे’ असे म्हणणे वेगळे आणि कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, किती आले होते हे दाखवणे वेगळे. पहिले ऐकून लोक मान हलवतात. दुसरे पाहून ग्रामसभेला विचार करावा लागतो.

काळजी घेण्याचा अर्थ मात्र कुणाच्या पोटावर पाय देणे असा नाही. भिगवणच्या काठावर पक्षीही राहतात आणि मच्छीमारही. मच्छीमारांना ‘तुम्ही जाळी टाकू नका’ असे सांगणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. येथील बाजारात आज चिलापी हा मासा मोठ्या प्रमाणात दिसतो. तो मूळचा आफ्रिकेतला. पाण्यात झालेले असे बदल मच्छीमारांनी सर्वांत जवळून पाहिलेले असतात. त्यांना विचारले, तर आपल्या वहीत किती तरी भर पडेल. कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार कुटुंबांतील अनेक तरुण आता होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पक्षी टिकले, तर त्यांचीही रोजी टिकेल. म्हणून फाटकी जाळी गोळा करण्यासाठी काठावर एखादी ठरलेली जागा करावी, अशी विनंती मुले त्यांना करू शकतात. त्यात दोघांचेही हित आहे.

अशी समजूत किती मोठे काम करू शकते, हे नागालँडमधील एका उदाहरणावरून कळते. तेथे वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण आहे. आपल्या उजनीसारखाच तोही माणसांनी केलेला जलाशय. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास अमूर ससाणे हे लहान शिकारी पक्षी सैबेरियाकडून दक्षिण आफ्रिकेकडे जाताना तेथे हजारोंच्या संख्येने उतरतात. २०१२ मध्ये बाहेरच्या जगाला कळले, की पांगती व आसपासच्या गावांत मासे धरण्याची जाळी झाडांत बांधून हे पक्षी मोठ्या प्रमाणात मारले जात आहेत. बातमी पसरली. सरकार, चर्च, निसर्गसंस्था आणि गावातील वडीलधारी मंडळी एकत्र बसली. २०१३ च्या हंगामात गावांनी शिकार थांबवली. त्याच वेळी मुलांसाठी निसर्गमंडळे सुरू झाली. मुले शाळेत या पक्ष्याचा प्रवास नकाशावर शिकू लागली आणि घरी जाऊन सांगू लागली. जे जाळे पक्ष्यांवर उगारले गेले होते, ते पुन्हा पाण्यात मासे धरण्याच्या कामाला लागले.

आपल्या देशाच्या संविधानातही हे कर्तव्य सांगितलेले आहे. १९७६ मध्ये संविधानात मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे व सर्व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे, हे त्यांतील एक कर्तव्य आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरणाचे शिक्षण देण्यात यावे, असा आदेश दिला. पाणथळ जागांसाठी तर सगळे जग एकत्र आले. १९७१ मध्ये इराणमधील रामसर या गावी, कास्पियन समुद्राच्या काठी, अनेक देशांनी एक करार केला. तो २ फेब्रुवारीला झाला, म्हणून तो दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रातील नांदूर-मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या जागा रामसर यादीत आहेत. शिवाय ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. राज्य सरकारने २०२० मध्ये तसे ठरवले. ५ नोव्हेंबर हा सोलापूरला जन्मलेले थोर निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. नवीन नोंदवही सुरू करायला याहून चांगला आठवडा कोणता?

तुमची शाळा भिगवणला नसेल. ती मालेगावला असेल, तर तेथे मोसम नदी आहे. भिवंडीला कामवारी, अकोल्याला मोर्णा, छत्रपती संभाजीनगरला खाम नदी आहे. ठाण्याच्या खाडीवर तर रोहित पक्षीच येतात. नदी किंवा तलाव जवळ नसेल, तर शाळेच्या मैदानातले एखादे जुने झाड तरी असेलच. त्या झाडावरही सकाळ-संध्याकाळ बरेच काही घडत असते. वही तेथेही उघडता येते. पाहा, किनारा, जमीन, हवा, हंगाम, नकाशा हे शब्द मराठीत आणि उर्दूत आपण सारखेच वापरतो. वहीतली पहिली ओळ लिहिताना भाषेची अडचण वाटण्याचे कारण नाही.

उजनीचे पाणी भिगवणला थांबत नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीतून पंढरपूरला जाते. तेथे भीमेलाच चंद्रभागा म्हणतात. सोलापूर शहरालाही उजनीचे पाणी प्यायला मिळते. पुढे कर्नाटकात भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पुण्यातल्या मुलाने मुठेत फेकलेली पिशवी भिगवणच्या काठाला लागू शकते. भिगवणच्या मुलीने काठावरून उचललेले जाळे पुढे कुणाच्याही पायात अडकणार नाही. त्या मुलीचे नाव पंढरपूरला किंवा सोलापूरला कुणालाही कळणार नाही. तिच्या वहीत मात्र त्या दिवसाची तारीख आणि ‘जाळ्याचा तुकडा काढला’ एवढी ओळ असेल. पुढच्या वर्षी ती वही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल आणि तो मुलगा पुढच्या कोऱ्या पानावर नवी तारीख लिहील.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उजनी धरणाच्या जलाशयाचे नाव काय?
(आ) गाळपेर जमीन कशाला म्हणतात?
(इ) जागतिक पाणथळ दिन कोणत्या दिवशी पाळतात?

२. कारणे लिहा.
(अ) जलाशय फार काळ भरलेला राहिला, तर रोहित पक्षी कमी येतात.
(आ) पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर चित्रबलाक घरटी बांधतात.
(इ) ‘पक्षी दिसले नाहीत’ हेही वहीत लिहावे.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
शाळेपाशी अशी कोणती गोष्ट आहे, जी अधिकाऱ्यापाशी किंवा शास्त्रज्ञापाशी नसते? तिचा तलावाला काय उपयोग होतो?

४. मराठीत आणि उर्दूत सारखे वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : शाळेजवळच्या एका झाडाची किंवा पाण्याच्या जागेची सात दिवस रोज नोंद ठेवा. सात दिवसांनी वर्गात वाचून दाखवा आणि मित्राच्या नोंदीशी ताडून पाहा.